नऊ मिलिलिटर पाणी

आमच्या घरात दारू हा विषयच नव्हता. पिऊ नकोस असंही मला कधी कुणी सांगितलं नाही. विसर्जनाच्या रात्री अर्धं लालबाग रस्त्यावर नाचत असताना बाबा दार लोटून टीव्हीवर बातम्या बघत बसायचे. आजोबा दारूने गेले हे मला माहीत होतं. कुणी सांगितलं ते आठवत नाही. चाळीत अशा गोष्टी कुणी सांगाव्या लागत नाहीत.

मी प्यायला शिकलो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, बाकी सगळ्यांसारखाच. आधी बिअर, मग कोकमध्ये रम. घरी येण्याआधी मूठभर बडीशेप. आज अठ्ठावीस वर्षांचा आहे, पगार बरा आहे, पण बडीशेप सुटली नव्हती.

तर झालं असं, की मार्चमध्ये एक मित्र ऑनसाइटवरून परत आला आणि ड्यूटी फ्रीमधून लाफ्रॉइगची दहा वर्षं मुरलेली कास्क स्ट्रेंथ घेऊन आला. तो परळला एका टॉवरमध्ये एकतिसाव्या मजल्यावर भाड्याने राहतो. टॉवर गिरणीच्या जागेवर उभा आहे. खिडकीतून आमची चाळ दिसते, पण शोधावी लागते.

कास्क स्ट्रेंथ म्हणजे पिंपातून निघाली तशी भरलेली. एरवी कंपन्या बाटलीत भरण्याआधी पाणी घालून व्हिस्की ४०-४६ टक्क्यांवर आणतात. आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ दिसतं. या बाटलीवर ५८.६ होतं. लाफ्रॉइग स्कॉटलंडच्या आयला बेटावर १८१५पासून बनते. तिथे सातू वाळवायला पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेल्या वनस्पतींची माती. त्या धुरातून फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल अशी मंडळी दाण्यात शिरतात आणि शेवटपर्यंत सोबत राहतात.

पहिला घोट मी मूर्खासारखा नेहमीच्या मापाने घेतला. जीभ बधिर झाली, डोळ्यांत पाणी आलं. चव वगैरे काही कळली नाही, फक्त जाळ. मित्र म्हणाला, "पाणी घाल रे, येड्या."

यामागे सायन्स आहे, हे मी नंतर शोधलं. २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन केलं होतं. ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलचे रेणू ग्वायकॉलला घेरून आत दाबून ठेवतात. पाणी घालून ४५ पर्यंत आणलं, की तो पृष्ठभागावर येतो. म्हणजे नाकापर्यंत पोचतो. पाण्याने दारू पातळ होते, पण वास मोकळा होतो.

आणि खरंच झाला. धूर, समुद्र, बँडेज, आयोडीन. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा ही औषध म्हणून विकली जायची, असं सांगतात. यावर आम्ही खूप हसलो. कारण महाराष्ट्रात १९४९च्या कायद्याने प्यायला परवाना लागतो, आणि तोही प्रकृती राखण्याच्या नावाखालीच मिळतो.

पुढच्या आठवड्यात मित्राचे आईबाबा नाशिकहून राहायला येणार होते. उरलेली बाटली माझ्याकडे आली. मी ती माळ्यावर जुन्या राऊटरच्या खोक्यामागे लपवली.

एका शनिवारी आई लग्नाला कणकवलीला गेली होती. बाबा दहाला झोपले. मी स्वयंपाकघरात स्टीलच्या पेल्यात ३० मिलि ओतली. हिशोब केला होता: ५८.६ वरून ४५ वर यायला नऊ मिलि पाणी. दोन चमच्यांना जरा कमी. मी चमच्याने पाणी घालत होतो आणि मागून आवाज आला.

"फिनेल सांडलंय का रे?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "दारू आहे, बाबा."

ते ओरडले नाहीत. स्टूल ओढून बसले. पेला उचलून नाकाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

"केईएम," ते म्हणाले. "रात्री वॉर्ड पुसायचे तेव्हा असाच वास यायचा."

मग ते बोलायला लागले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा बाबा नववीत होते. तात्या, म्हणजे माझे आजोबा, त्याआधी पगाराच्या दिवशी प्यायचे. गिरणीने परत घेतलंच नाही, मग रोज. गुत्त्यावर उभ्याउभ्या, बिनपाण्याची, एका घोटात. नव्वद साली पोटात पाणी झालं.

"डॉक्टरांनी प्यायचं पाणी मोजून द्यायला सांगितलेलं. रात्री मी असायचो. तात्या सारखं पाणी मागायचे. मी चमच्याने द्यायचो."

बाबा चमच्याकडे बघत होते.

"गेले त्या रात्री दोन चमचे मागितले. त्या दिवसाचं संपत आलेलं. मी एकच दिला."

मी काय बोलणार? डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तुमची काय चूक, असं काहीतरी म्हणालो. "माहितीये मला," ते म्हणाले. पस्तीस वर्षं माहीत असलेली गोष्ट होती ती. माझ्या सांगण्याने तिच्यात काय फरक पडणार होता?

"ह्यात किती घातलंस?"

"दोन चमचे. जरा कमीच."

"हं." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "ती बाटली राऊटरमागून काढ. सोमवारी झुरळांचं औषध मारायला येणारेत."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

पेला तसाच होता. मी प्यायलो. ओतून दिली असती तर सांगायला बरं वाटलं असतं, पण मी प्यायलो. धूर होता, आयोडीन होतं. पण आता तो मला फक्त वॉर्ड पुसल्याचा वास येत होता. पेला दोनदा घासला, चमचा धुऊन जागेवर ठेवला.

बाबा त्यानंतर या विषयावर बोललेले नाहीत. बाटली आता कपाटात वरच्या फळीवर आहे, कशाच्याही मागे नाही. आईने एकदा पाहिली आणि बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "त्याची आहे."

बडीशेप मी सोडली.