गळ तुमचा, बोट कोणाची?

शुक्रवारी संध्याकाळी लॉगआऊट, रात्री स्लीपर कोच, शनिवारी सकाळी गोवा! हा प्लॅन आता इतक्यांदा झालाय, की कळंगुटच्या वाळूत पाय टाकल्या टाकल्या प्रश्न पडतो, आता करायचं काय? पॅरासेलिंग झालं, शॅक झाले, फेण्यांची आणि चर्चेसची फोटोसेशन्सही झाली. मग कुणीतरी टूम काढतं, 'चला, फिशिंगला जाऊ या!' आयडिया तर एकदम झकास. सिकेरीच्या किनाऱ्यापासून नेरूळच्या कोको बीचपर्यंत फिशिंग ट्रिपचे बोर्ड लागलेले असतात. एजंट विचारतो, 'शेअरिंग की प्रायव्हेट?' आणि मंडळी लगेच मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतात.

इथेच जरा थांबा. कारण हा प्रश्न वाटतो पैशांचा, पण आहे वेळेचा.

शेअर्डचा फण्डा

शेअर्ड ट्रिप म्हणजे तुम्ही एक सीट विकत घेता. सकाळी नऊच्या आसपास बोट सुटते. बोटीत वीस-पंचवीस माणसं. त्यात एखादं नवं जोडपं, इंदूरचं किंवा सुरतचं एकत्र कुटुंब, बंगलोरच्या आयटीवाल्यांची गँग. आग्वादच्या किल्ल्याखालून बोट बाहेर पडते. हा किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पूर्ण केला. इथून मांडवीच्या मुखावर नजर ठेवायची, हा त्यांचा हिशेब. आपला हिशेब साधा, डॉल्फिन दिसले की फोटो! मग काबोचं टोक आणि झुआरीचं मुख ओलांडून मुरगावच्या बाहेरचं ग्रँड आयलंड. तिथे स्नॉर्केलिंग, बार्बेक्यू, थंडगार बिअर आणि या सगळ्यांच्या मधल्या फटीत फिशिंग.

फिशिंग म्हणजे काय, तर प्लॅस्टिकच्या रिळावर गुंडाळलेली तंगूस, टोकाला वजन आणि गरी, गरीला कोळंबीचा तुकडा. दोरी खाली सोडायची आणि बोटाला झटका कधी बसतो याची वाट बघायची. लागलाच तर छोटा गोबरा, नाहीतर शेंगटी. नाही लागला तरी कुणी फार मनावर घेत नाही, कारण तोवर कोळशावरच्या चिकनचा वास सुटलेला असतो.

यात वाईट काहीच नाही. एकट्यानं फिरणाऱ्याला किंवा दोघी मैत्रिणींना अख्खी बोट परवडत नाही आणि चार ओळखी होतात त्या वेगळ्याच. ग्रुपमधल्या निम्म्यांना मासेमारीत रस नसेल, तर त्यांच्यासाठीही हे बेस्ट. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. ही पिकनिक आहे, जिच्यात थोडं फिशिंग आहे. उलटं समजून गेलात, तर 'फिशिंग बोअर असतं यार' हा शिक्का मारून परत याल. आणि मग आयुष्यभर पुन्हा गळाला हात लावणार नाही!

मासा घड्याळ बघत नाही

कोकणात गळ टाकून मासे धरण्याला 'गरवणं' म्हणतात. गरवणारा माणूस आधी आकाश बघत नाही की घड्याळ बघत नाही. तो विचारतो, 'भरती कितीला?'

कारण सोपं आहे. पाणी वाहायला लागलं, की खारफुटीच्या मुळांतली कोळंबी आणि बारीक मासळी त्या ओढीबरोबर हलते. मोठा मासा मग पुलाच्या खांबाआड, खडकाच्या पाठीमागे दबा धरून बसतो. जेवण स्वतःच्या पायानं चालत येतंय, तर कशाला पोहा! चोणक, म्हणजे आपल्या रायगडवाल्यांचा जिताडा, आणि तांबोशी हे या कलेतले उस्ताद. पण भरती पूर्ण झाली किंवा ओहोटी तळाला गेली, की पाणी काही काळ थबकतं. पाणी थांबलं की बहुतेक वेळा मासाही तोंड मिटतो.

आता गंमत बघा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. शेअर्ड बोट मात्र रोज नऊलाच सुटते, कारण ती हॉटेलच्या ब्रेकफास्टवर बांधलेली असते. मग तुम्हाला मासा लागणार की नाही, ही निव्वळ त्या दिवसाच्या तिथीची कृपा!

तिथी? हो, भिंतीवरच्या कॅलेंडरातली. मुंबईकडच्या कोळ्यांचा जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. गोव्यात हे थोडं आधीच होतं. म्हणजे शेअर्ड बोट ज्या वेळी दोऱ्या सोडते, साधारण त्याच वेळी पाणी थबकलेलं. वर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला ओढच कमी. तेच तृतीयेला गेलात तर? तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सकाळी आठच्या आसपास ओहोटी संपून पाणी चढायला लागलेलं आणि वर उधाणाचा जोर. तीच बोट, तेच तिकीट, तीच कोळंबी... पण दोरीला झटके!

तंतोतंत वेळ हवी असेल तर मुरगावचं टाइड टेबल नेटवर सहज मिळतं. तिकीट बुक करण्याआधी फक्त दोन मिनिटं द्या.

मग प्रायव्हेट घ्यायची का?

प्रायव्हेट बोट घेताना आपल्याला वाटतं की आपण प्रायव्हसी विकत घेतोय. खरं तर आपण विकत घेतो तीन निर्णय. कधी निघायचं, कुठे थांबायचं आणि कधी परतायचं. हे तिन्ही वापरणार असाल, तर जास्तीचा रुपया वसूल. सकाळी दहाला आरामात उठून, पोटभर पोई-भाजी खाऊन, अकराला 'चलो काका, फिशिंग!' म्हणणार असाल, तर तुम्ही शेअर्ड ट्रिपच महाग दरात घेतलीत.

निर्णय वापरायचे म्हणजे कसे? समजा, सहाला उजाडताना निघालात आणि पाणी चढतंय. समुद्रात जायची गरजच नाही. मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्या आणि त्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, दोन्ही काठांना खारफुटी. बोट पुलाच्या खांबांपासून जरा लांब उभी करायची आणि रॉडनं ल्युअर नेमका सावलीत टाकायचा. पहिले दहा कास्ट हमखास चुकतात. अकरावा बरोबर पडतो आणि रॉड वाकतो, तेव्हा ऑफिस, अप्रेझल, ईएमआय सगळं डोक्यातून साफ! आणि जागेवर तासभर काहीच नाही लागलं, तर काका इंजिन सुरू करून दुसरीकडे नेतात. पंचवीस माणसांच्या बोटीत असं कुणासाठी कोण हलणार?

तिसरा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा, परतण्याचा. बोट लागणं हा प्रकार भल्याभल्यांना आडवा करतो. शेअर्ड बोटीत एकाला उलट्या सुरू झाल्या म्हणून बोट वळत नाही. चोवीस जणांचा दिवस कोण घालवणार? त्या माणसाला चार तास तसंच बसावं लागतं. सोबत लहान मूल असेल, आई-बाबा असतील किंवा कुणाला बसमध्येही गरगरत असेल, तर पहिली ट्रिप नदीतली, प्रायव्हेट आणि अर्ध्या दिवसाचीच घ्या. नदीत लाटांचं हेलकावणं जवळजवळ नसतं आणि काठ कायम दिसत राहतो. मनाला तेवढाच आधार.

समुद्रातच जायचं असेल तर सकाळ गाठा. उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या महिन्यांत दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो आणि पाणी खवळतं. संध्याकाळ नदीसाठी ठेवा.

गणित मांडू या

आता पैशांचं. दर सीझनप्रमाणे आणि घासाघिशीप्रमाणे बदलतात, म्हणून हिशेबापुरते आकडे धरू. शेअर्ड सीट २,००० रुपये आणि अख्खी बोट १०,००० रुपये. पाच जण असाल तर गणित बरोबरीत आलं! सहावा मित्र तयार झाला, तर प्रायव्हेट स्वस्त. दोघंच असाल, तर प्रायव्हेट अडीचपट महाग. म्हणजे एजंटने दिलेले दोन्ही आकडे घ्या, मोठ्याला छोट्याने भागा. जे उत्तर येईल, तेवढी डोकी जमत असतील तर विचारच करू नका.

पण माणसं जमवताना एक पथ्य पाळा. बोटीत माणसं जास्त आणि रॉड कमी, असं झालं की अर्धे जण नुसते बघत बसतात. सहा जणांना दोन रॉड म्हणजे एकाच्या वाट्याला ट्रिपचा तिसरा हिस्सा. मग स्वस्त काय पडलं? आणि मासेमारीचं वेड फक्त एकालाच असेल, तर बाकीच्या पाचांना पहाटे पाचला उठवून बोटीत कोंबू नका. मैत्री टिकवायची आहे ना! त्या एकानं नदीची छोटी ट्रिप घ्यावी, बाकीच्यांनी शेअर्डवर धमाल करावी आणि रात्री शॅकवर सगळ्यांनी भेटावं.

जॅकेटवर तडजोड नाही

एका बाबतीत मात्र शेअर्ड-प्रायव्हेट असा भेद करू नका. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर आठवड्याभरात, २५ डिसेंबरला, कळंगुटसमोर पर्यटकांची बोट उलटून एकाचा मृत्यू झाला. दोन्ही दिवशी लोक आपल्यासारखेच सुट्टीवर निघाले होते. लाइफ जॅकेट सीटखाली असून चालत नाही, अंगावर आणि बकल लावलेलं हवं. बोट भरून वाहतेय असं दिसलं तर पैसे गेले तरी बेहत्तर, चढू नका. गोव्यात बोटींची नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे होते. बोटीवर नंबर रंगवलेला आहे का, बघून घ्या. आणि बिअर गळ गुंडाळून झाल्यावरच. गरी आणि नशा यांचं जमत नाही.

बोटवाल्याला विचारायचे पाच प्रश्न

- उद्या भरती कितीला? ('कधीही चला साहेब' हे उत्तर आलं, तर दुसरा बोटवाला बघा.)
- प्रत्यक्ष दोरी पाण्यात किती वेळ? जाण्या-येण्याचा वेळ सोडून.
- रॉड किती, माणसं किती?
- डिझेल, आमिष, पाणी पैशांत धरलंय का?
- मासा लागला तर तो कुणाचा? हे आधीच ठरलेलं बरं, नंतर चेहरे पडतात.

सीझनही लक्षात असू द्या. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि समुद्रही आपल्याला बोलावत नसतो. पावसानंतरचं गढूळ पाणी निवळून ऑक्टोबरपासून पुढे मजा. आणि पिल्लू लागलं, तर फोटो काढून लगेच सोडून द्या. आपल्या महाराष्ट्रात तर २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकारच ठरवून दिलाय. आज सोडलेली छोटी तांबोशी पुढच्या वर्षी रॉड वाकवायला येईल, एवढा साधा व्यवहार आहे हा.

तेव्हा पुढच्या वीकएण्डला एजंटने 'शेअरिंग की प्रायव्हेट?' विचारलं, की पाकीट नंतर काढा. आधी स्वतःला विचारा, आपल्याला गोव्याचा एक मस्त दिवस हवाय, की मासा हवाय? दिवस हवा असेल तर सीट घ्या, नऊला निघा. मासा हवा असेल, तर बोट घ्या आणि गजर भरतीचा लावा!