आमच्या खंडाळा घाटातला दुसरा गिअर

मैत्रिणींनो, खंडाळ्याचा घाट म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे लोणावळा, धुके आणि चिक्कीचे पुडे येत असतील. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही एक खंडाळा घाट आहे, बरं का! पुसदहून वाशीमला निघाले की तो लागतो. त्याची चित्रे कॅलेंडरवर छापून येत नाहीत आणि सहलीला म्हणून तिथे कुणी मुद्दाम जात नाही. मला मात्र त्या घाटाने अशी एक गोष्ट शिकवली की, गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनाही ती जमली नव्हती. गाडीचा गिअर केव्हा बदलायचा, ती ही गोष्ट!

हसू नका. तुमच्यापैकी कितीतरी जणी आता गाडी शिकल्या असतील. परवाना पर्समध्ये, गाडी दारात आणि किल्ली मात्र "यांच्या" खिशात! माझेही तसेच होते.

माझे सासर यवतमाळ, माहेर पुसद. आमच्या यवतमाळच्या नावातच माळ आहे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचे हे पठार. इथून पुसदला जायचे म्हणजे बोरीअरब, दारव्हा, दिग्रस असा रस्ता. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, तूर आणि मधूनच सागाचे जंगल. श्रावणात सागाला पांढरा तुरा येतो, तेव्हा ते इतके देखणे दिसते की विचारू नका. पुसद गाव डोंगरांच्या कुशीत, पूस नदीच्या काठी. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा-बारा वर्षे मुख्यमंत्री होते, ते जवळच्याच गहुलीचे. पुसद खाली आणि वाशीम वर, म्हणून पुसद सोडले की रस्त्याला चढावेच लागते. तोच हा घाट.

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझे मामा वाशीमला असतात. असत, असे आता म्हणावे लागते. ते फार आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा मी राखीसाठी पुसदला आईकडे गेले होते. आईला एस.टी.ची चढउतार झेपत नाही. "यांची" सुट्टी संपली होती, ते यवतमाळला परतले होते. दारात गाडी होती ती माझ्या दिरांनी पुण्याहून दिलेली, जुनी पण जपलेली होंडा सिटी. आई काही बोलली नाही. नुसती लुगड्याची घडी करत बसली. मीच म्हटले, "आई, चल. मी नेते."

आता थोडे गाडीविषयी सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. मी गाडी शिकले ती आमच्या घरच्या डिझेल गाडीवर. डिझेलचे इंजिन कमी फेऱ्यांतच ओढायला लागते. बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांची ओढ मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असते. त्यामुळे मास्तरांचा एकच मंत्र होता : "ताई, आवाज वाढला की गिअर बदला." मला तो फार पटला. गाडीने मोठा आवाज केला की आपले काहीतरी चुकले, असेच मला वाटायचे. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलेले असते ना! भांड्याचा आवाज नको, हसण्याचा आवाज नको. मग इंजिनाचा तरी कशाला?

पण दिरांची गाडी निराळ्या वळणाची. दिसायला चार दारांची घरगुती. इंजिन मात्र वरच्या फेऱ्यांना खुलणारे. २००८ सालानंतरच्या या गाडीची सगळ्यात जास्त ओढ ४८०० फेऱ्यांना आणि पुरी ताकद ६६०० फेऱ्यांना मिळते. होंडाने १९८९ साली एका गाडीत अशी युक्ती आणली की, फेऱ्या वाढल्या की इंजिनाच्या झडपा जास्त उघडून जास्त हवा आत घेतात. या आमच्या गाडीतही त्याच युक्तीची धाकटी बहीण आहे. याच कंपनीची १९९९ साली आलेली दोन माणसांची एक स्पोर्ट्स गाडी तर मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जायची! म्हणजे डिझेल गाडी ही सकाळी सहालाच कामाला लागणाऱ्या सासूबाईंसारखी, आणि ही चहा झाल्याशिवाय हालचाल न करणाऱ्या पण मग सगळे घर आवरून टाकणाऱ्या नणंदेसारखी. दोघींकडून एकाच पद्धतीने काम घेऊन कसे चालेल?

मी मात्र तेच केले. घाटाची चढण लागली, पाऊस भुरभुरत होता. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी बरी चढत होती. आवाज वाढला, मी घाबरले आणि सवयीने तिसरा टाकला. झाले! गाडी एकदम जड झाली. पुरण वाटताना मिक्सरचे भांडे गच्च भरले की तो कसा गुरगुरतो, तसा आवाज येऊ लागला. मी पाय दाबला तर वेग वाढेना, उलट कमी होऊ लागला. समोर वळण. गडबडीत क्लच धड दाबला गेला नाही आणि गाडी हिसका देऊन बंद पडली. मागे ट्रक होता. ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी हातभर मागे घसरली. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, तो अजून माझ्या कानात आहे.

माझे हात थरथरत होते. आई शांतपणे म्हणाली, "काहून घाबरतं वं? मघा गाडी वरडत होती तवा चढून राह्यली होती. गप झाली अन् बसली."

मैत्रिणींनो, आईने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पण तिने ऐकले होते, मी ऐकले नव्हते.

मी हँडब्रेक ओढला. गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकला, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडला. गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटले, तेव्हा हँडब्रेक सोडला. गाडी निघाली. दुसरा टाकला आणि मग ठरवले की, आता घाट संपेपर्यंत ओरडू दे हिला. काटा साडेतीन हजारांवर गेला, चार हजारांवर गेला. आवाज मोठा होता, पण त्यात कुरकुर नव्हती. गाडी कशी सपासप चढली! माथ्यावर सपाटी आली तेव्हा तिसरा टाकला, मग चौथा, आणि गाडी कशी अलगद पळू लागली.

असे का झाले, हे मी घरी आल्यावर शांतपणे समजून घेतले. वाफेच्या इंजिनाला गिअर नसतात. आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची लाडकी शकुंतला आठवते ना? तिचे १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत दारव्ह्यावरूनच धावले. वाफेचा जोर चाक जागचे हलायच्या आधीपासून पुरा मिळतो, म्हणून गिअर लागतच नाहीत. आताच्या विजेवरच्या गाड्यांचेही तसेच. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र हळू फिरताना जोर नसतो. त्याला त्याच्या आवडत्या फेऱ्यांत ठेवायचे काम गिअर करतात. खालचा गिअर म्हणजे वेग कमी, ओढ जास्त. वरचा गिअर म्हणजे वेग जास्त, ओढ कमी.

आणि खरी मेख अशी की, वरचा गिअर टाकला की फेऱ्या एकदम खाली येतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना साधारण एक तृतीयांश कमी होतात. म्हणजे ३००० वर बदललात तर काटा २००० वर येतो, ४५०० वर बदललात तर ३००० वर. सपाट रस्त्यावर २००० पुरतात. चढावर गाडी क्लच दाबल्याबरोबर मंदावते, त्यामुळे काटा आणखीच घसरतो आणि ओढ संपते. म्हणून "आता आवाज किती?" एवढेच बघून भागत नाही; "बदलल्यावर काटा कुठे पडेल?" हे आधी मनात धरायचे. पोळी उलटण्याआधी तवा केवढा तापलाय ते आपण बघतोच की!

माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी इथे टिपून देते. पेट्रोलच्या, हाताने गिअर बदलायच्या गाडीसाठी त्या आहेत.

१. सपाट रस्त्यावर, घाई नसताना २००० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान वरचा गिअर टाकावा. पेट्रोल वाचते.

२. चढावर ३५०० ते ४५०० पर्यंत जाऊ द्यावे. वरचा गिअर टाकल्यावर गाडी जड झाली, तर अभिमान न धरता पुन्हा खालचा टाकावा. वळणासाठी किंवा मोठ्या चढासाठी खालचा गिअर चढ लागण्याआधीच टाकलेला बरा.

३. ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा ट्रक ओलांडायचा असेल, तर आधी गिअर खाली घ्यावा, समोरचा रस्ता दूरवर मोकळा आहे हे पाहावे आणि मगच रेस द्यावी. अशा वेळी काटा ५०००-६००० पर्यंत गेला तरी इंजिनाला काही होत नाही. लाल पट्ट्यात मात्र नेऊ नये.

४. गाडी नुकतीच सुरू केली असेल तर पहिली पाच-दहा मिनिटे काटा ३००० च्या आत ठेवावा. तेल गरम होऊन सगळीकडे पोचू द्यावे.

५. भरवेगात असताना चुकून फार खालचा गिअर टाकू नये. चौथ्याऐवजी दुसरा पडला तर चाके इंजिनाला लाल पट्ट्याच्याही पलीकडे फिरवतात आणि मग मोठे नुकसान होते. दांड्याशी झोंबू नका, हलक्या हाताने, न घाई करता टाका.

६. उतरताना गाडी न्यूट्रल करू नये. पेट्रोल वाचेल म्हणून कितीतरी जण असे करतात. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय सोडला की इंजिनाचे पेट्रोल आपोआप बंद होते, त्यामुळे न्यूट्रलने काहीच वाचत नाही. उलट सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

चार म्हणता म्हणता सहा झाल्या, असू द्या.

वाशीमला पोचलो तेव्हा मामा जागे होते. आईने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तिला ओळखले, तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली. मग माझ्याकडे बघून विचारले, "कोणासंगं आल्या?" आई म्हणाली, "पोरीनं आणलं. घाट चढून." आई ते ज्या आवाजात म्हणाली, तो मी जपून ठेवला आहे. नवव्या दिवशी मामा गेले. ती भेट राहून गेली असती, तर आईला जन्मभर चुटपुट लागली असती आणि मलाही.

परतताना तोच घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. खाली झाडीत पुसदचे दिवे लागत होते. आई मागे डोळे मिटून बसली होती. गाडी हुंकार देत सावकाश उतरत होती, आणि मला तो आवाज आता सोबतीसारखा वाटत होता.

तेव्हा मैत्रिणींनो, "यांच्या" खिशातली किल्ली मागून घ्या. रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर जा, रेडिओ बंद ठेवा आणि प्रत्येक गिअरमध्ये गाडी काय म्हणते ते नुसते ऐका. जवळपास एखादा छोटा चढ असेल तर हँडब्रेकवरून गाडी दहा वेळा उचलून बघा. कुठून कधी कसला निरोप येईल ते सांगता येत नाही. त्या दिवशी बसची वाट बघत बसावे लागू नये. आणि गाडी ओरडली तर घाबरू नका. चढ असला की ओरडावे लागते!