चौथरा

एखाद्या लेखकाने उत्तम प्रस्तावना लिहावी आणि पुढचा ग्रंथ लिहिण्याचा योग मात्र त्यास जन्मभर येऊ नये, तशी आमच्या साताऱ्याच्या घरामागील चौथऱ्याची अवस्था होती. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब असा हा काँक्रीटचा चौथरा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८७ च्या उन्हाळ्यात घालून घेतला. त्यावर एक खोली उठावयाची होती. ती उठली नाही. पुढे त्यावर कुरडया वाळल्या, मुलांचे क्रिकेट झाले आणि दर पावसाळ्यात शेवाळ चढले. मी सुटीत घरी येई तेव्हा त्यास 'अण्णांचे अपूर्ण वाङ्मय' म्हणून हसत असे. अण्णाही हसत आणि विषय बदलीत. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

यंदा उन्हाळ्यात पत्नीने मला निर्वाणीचा इशारा दिला. "अहो, ती शिडी, ती सायकल, तो पाण्याचा पंप आणि तुमची ती जुनी बाडे, एवढ्यांना परसात जागा करा, नाही तर मी तरी परसात जाऊन राहते." चौथरा तयारच होता. त्यावर चार खांब आणि छप्पर घातले की काम झाले, असे तिचे म्हणणे.

माझ्या डोक्यात मात्र निराळेच चित्र उभे राहिले. मी आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकविले आहे. परसातली खोली म्हटली की मला शिडी दिसत नाही, थोरो दिसतो. १८४५ साली त्याने वॉल्डन तळ्याकाठी दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब झोपडी बांधली. दुसऱ्याचे जुने खोपट विकत घेऊन त्याच्या फळ्या वापरल्या आणि एकंदर खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट आला, असा चोख हिशेब लिहून ठेवला. बर्नार्ड शॉ याच्या बागेतली लेखनाची खोली तर सूर्याच्या मागोमाग फिरविता येत असे. तिचे नाव त्याने 'लंडन' ठेवले होते. म्हणजे नको असलेला पाहुणा आला की साहेब लंडनमध्ये आहेत असे निर्धास्तपणे सांगता येई, असे म्हणतात. सारांश, एका चौथऱ्यावर आम्ही उभयता दोन निरनिराळ्या वास्तू बांधू लागलो.

निवडीस तीन गोष्टी होत्या. पहिली, बाजारात मिळणारी तयार पत्र्याची खोली. आठ फूट रुंद, दहा फूट लांब, दोन दिवसांत उभी. दुसरी माझ्या मनातली: सागवानी वासे आणि वर मंगलोरी कौले. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कारखाना काढला तेव्हापासून या कौलांनी आपल्या कितीतरी घरांवर छत्र धरले आहे. तिसरी, लोखंडी सांगाडा आणि पन्हळी पत्रा. हा पत्रा मला नेहमीच गद्य वाटत आला. परंतु त्याचे पेटंट १८२९ साली पामर नावाच्या इंग्रज इंजिनियराने घेतले, हे वाचल्यावर त्याच्याविषयी थोडा आदर वाटू लागला. सरळ कागद दोन टोकांवर ठेवला तर मध्ये वाकतो. त्यास चुण्या घातल्या की तोच वजन पेलतो. एवढ्याशा युक्तीने सगळे जग झाकले!

निर्णय अखेर मी केला नाही, गवंड्याने केला. मिस्त्री वयाने माझ्याहून मोठे. त्यांनी येताच माझे रेखाचित्र बाजूस ठेवले आणि चौथऱ्यावर हातोडी वाजवीत फिरू लागले. डॉक्टर छाती ठोकून पाहतो तसेच ते. मग त्यांनी कर्ण मोजले: एक १५ फूट ७ इंच, दुसरा १५ फूट ९ इंच. "सर, काटकोनात नाही," ते म्हणाले. गणिताच्या शिक्षकाचा चौथरा काटकोनात नसावा, याचे मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. रात्री त्यांनी प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवावयास सांगितला. सकाळी त्याच्या आतल्या अंगास पाण्याचे थेंब नव्हते. अर्थात जमिनीची ओल वर येत नव्हती. भोक पाडून पाहिले, जाडी चार इंच.

"एवढ्या कोब्यावर विटांच्या भिंती आणि कौलांचे ओझे नको," मिस्त्री म्हणाले. "शिवाय कौले तुमच्यासाठी नाहीत, माकडांसाठी." सातारकरांस याहून अधिक सांगावे लागत नाही. तयार खोलीस त्यांनी दुसऱ्याच कारणाने नकार दिला. ती चौथऱ्याहून लहान. भोवती फूटभर काँक्रीट उघडे राहणार, त्यावर पडलेला पाऊस भिंतीखालून आत शिरणार. म्हणून खोली चौथऱ्याएवढीच धरावी, छप्पर चौफेर दीड फूट बाहेर काढावे आणि पत्र्याच्या भिंतीखाली विटांचा एक थर सिमेंटमध्ये बसवावा. पत्र्याचे हूक पन्हळीच्या माथ्यावर मारावेत, खळगीत नव्हे. पाणी वाहते ते खळगीतून. आणि बोल्ट कडेपासून चार-सहा इंच आत घ्यावेत. अगदी काठावर भोक पाडले तर कपचा निघतो. "सर, शेड पडेल ही भीती नसते," ते म्हणाले, "उडेल ही असते." यवतेश्वराकडून येणारा आषाढातला वारा मी लहानपणापासून ऐकला आहे; पण छपरास खालून आधार देण्याइतकेच त्यास खाली बांधून ठेवणेही अगत्याचे, हे मला आजवर सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेवाळ खरवडताना चारी कोपऱ्यांत सिमेंटचे उंचवटे लागले. ते फोडले तेव्हा आत लोखंडी सळया निघाल्या. खांबांसाठी वर ठेवलेल्या, मग वाकवून, लिंपून टाकलेल्या. मिस्त्रींनी कडेची माती उकरली. कोपऱ्याखाली काँक्रीट दोन फुटांहून खोल गेले होते. "वडिलांनी खोलीची पुरती तयारी केली होती," ते म्हणाले. सळया मात्र गंजून इतक्या बारीक झाल्या होत्या की हाताने मोडल्या. त्यांनी त्या कापून टाकल्या आणि नवे खांब कोपऱ्याजवळच, त्या खोल काँक्रीटवर बसविले.

त्या सळयांचा एक तुकडा घेऊन मी आईकडे गेलो. ती आता पंच्याऐंशीची आहे. तिने तो हातात घेतला आणि सहज म्हणाली, "तुला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला ना, तेव्हा हे काम थांबवलं. खांबांना ठेवलेले पैसे तुझ्या वसतिगृहाला गेले. कुणाच्या पायाला लागतील म्हणून त्यांनीच सळया वाकवल्या." मी विचारले, मला कधी सांगितले का नाही? "त्यात सांगायचं काय?" ती म्हणाली.

जिच्या जोरावर मी थोरो वाचला ती ही खोली. आणि तिच्या नसण्यास मी वीस वर्षे हसलो होतो! अण्णा विषय बदलीत तो का, हे कळावयास मला पंचावन्न वर्षांचे व्हावे लागले. वडिलांच्या बेतांपैकी आपल्यास काय मिळते, याचा मी त्या रात्री पुष्कळ विचार केला. बेत उरत नाही. तो गंजून जातो. उरतो तो चौथरा, आणि तो बिनतक्रार दुसऱ्याच्या बेतास जागा देतो.

शेड आठ दिवसांत उभी राहिली. तिच्या निम्म्या भागात शिडी, सायकल आणि पंप आहे. उरलेल्यात माझी खुर्ची आणि टेबल. पहिला पाऊस आला तेव्हा मी पुस्तक घेऊन तेथे बसलो. पत्र्यावर असा काही ताशा वाजू लागला की डोळे वाचीत होते आणि डोक्यात एक अक्षर शिरत नव्हते. थोरो तळ्याकाठी कसा काय वाचीत असेल नकळे; त्याच्या छपरावर पत्रा नव्हता, हे मात्र नक्की.

पाऊस थांबल्यावर आई माझ्या हाताला धरून शेड पाहावयास आली. खुर्चीवर बसून तिने सगळीकडे नजर फिरविली. मी हौसेने समोरासमोर ठेवलेल्या दोन्ही खिडक्या दाखविल्या. अण्णांना कोणती बाजू आवडली असती, हेही विचारले.

"त्यांना खिडकी नकोच होती," आई म्हणाली. "घरात आपण सात माणसं. ते म्हणायचे, खिडकी ठेवली की लोक हाका मारतात."