बेपत्ता

भाषांतराच्या तासाला तेच ते ललित उतारे देऊन कंटाळलो होतो, म्हणून गेल्या वर्षी सागरी विमा कायदा वर्गात नेला. १९६३ चा हा भारतीय कायदा १९०६ च्या ब्रिटिश कायद्यावर बेतलेला. शब्दयोजनाही बव्हंशी तीच. जहाजाची 'पूर्ण हानी' म्हणजे काय, हे त्यात सांगितले आहे. जहाज नष्ट झाले तर पूर्ण हानी, हे उघडच. पण विमा उतरवलेली वस्तू इतकी बिघडली की ती त्या जातीची वस्तूच उरली नाही, तरीही पूर्ण हानी! तत्त्वज्ञांनी ग्रंथ खर्ची घातले असते तो प्रश्न विधिज्ञांनी एका वाक्यात मिटवलेला पाहून मला किंचित मत्सर वाटला.

'मानीव' पूर्ण हानीचा प्रकार निराळा. जहाज शिल्लक असते, पण दुरुस्तीचा खर्च दुरुस्त जहाजाच्या किमतीहून अधिक होणार असतो. अशा वेळी मालकाने 'अबॅन्डन्मेंट'ची सूचना विमा कंपनीला द्यायची. न दिल्यास हानी अंशतःच धरली जाते. या शब्दासाठी एका विद्यार्थिनीने 'परित्याग' सुचवला, दुसरीने 'हक्कावर पाणी सोडणे'. मला दुसरा आवडला.

अठ्ठावन्नावे कलम बेपत्ता जहाजाचे. वाजवी मुदत उलटूनही खबर आली नाही, तर प्रत्यक्ष पूर्ण हानी गृहीत धरता येते. मुदत किती, हे कलम सांगत नाही. लंडनच्या लॉइड्समध्ये लांबलेल्या जहाजाची वाईट खबर आली की ल्यूटीन घंटा एकदा वाजे, ते सुखरूप असल्याचे कळले की दोनदा. 'मुदत उलटलेली' आणि 'बेपत्ता' जहाजे यांवर जोसेफ कॉनरॅडने 'द मिरर ऑफ द सी'मध्ये लिहिले आहे. ते पुस्तकही १९०६ चेच.

'बेपत्ता' हा शब्द आमच्या घरी एका पत्रातून आला, १९८८ साली. मी तिसरीत होतो. थोरले मामा मालवाहू जहाजावर खलाशी होते. मालकांचा विम्याचा दावा पुढे मिटला, असे मामांच्या सोबत्यांकडून कळले. मामीचे कागद मात्र अडून राहिले. माणसासाठी कायदा वेगळा: ज्यांना सहजच खबर लागली असती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे.

सात वर्षे भरल्यावर वकिलांनी अर्ज तयार केला. मामीने त्यावर सही केली नाही. "ते आसत, ह्यां माका कित्याक सिद्ध करूक होया?" एवढेच म्हणाली आणि चूल फुंकू लागली. आजी, आई, सगळ्यांनी समजावून पाहिले. धाकटीचे लग्न ठरले, पैशांची निकड आली, तेव्हा कुठे ती वेंगुर्ल्याच्या कोर्टात गेली. परतताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती, नि कोणी तिच्याशी बोलले नाही.

हे मी वर्गात सांगितले नाही. तास संपता संपता एकाने विचारले, "सर, जहाज बेपत्ता असेल तर मालकाला ती पाणी सोडल्याची सूचना द्यावी लागते का?"

"नाही," मी म्हणालो. "प्रत्यक्ष पूर्ण हानीत तिची गरज नसते. कलम सत्तावन्न पाहा."