भाकीत आणि बेन नेव्हिस

ज्या खात्याच्या कामाची तपासणी रोजच्या रोज, आणि तीही भर रस्त्यात, होत असते असे हवामानखात्यावाचून दुसरे खाते मला तरी ठाऊक नाही. इतर कचेऱ्यांतील प्रमाद दप्तरात निवांत पडून राहतात आणि त्यांची चौकशी झालीच, तर संबंधित अंमलदार सेवानिवृत्त झाल्यावर होते. हवामानखात्याने काल जे लिहून दिले त्याची शहानिशा मात्र टोपी भिजलेला कोणीही वाटसरू आज दुपारी करू शकतो. १८६१ साली ॲडमिरल फिट्झरॉय यांनी लंडनच्या वृत्तपत्रातून जनतेसाठी भाकिते देण्यास आरंभ केला आणि लवकरच त्यांच्या वाट्यास यथेच्छ टवाळी आली.

स्कॉटलंडच्या डोंगरांत ही टवाळी करणे सर्वांत सोपे आणि, माझ्या मते, सर्वांत अन्यायाचे आहे. अटलांटिकवरून येणारी आर्द्र हवा पश्चिमेच्या डोंगरांना अडून वर चढते, निवते आणि ढगरूप पावते. महाबळेश्वर चिंब भिजत असता पायथ्याची वाई कोरडी का राहते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा व्यवहार समजावून सांगण्याचे कारण नाही. अडचण आहे ती अंतराच्या सूक्ष्मतेची. ढगाचा तळ भाकितापेक्षा दोनशे मीटर खाली उतरला, तर खोऱ्यातल्या मेंढपाळाला त्याची वार्ताही लागत नाही. माथ्यावरील माणसाचे मात्र, त्याच क्षुल्लक फरकाने, सारे दृश्य जगच जप्त होते.

बेन नेव्हिसच्या १३४५ मीटर उंचीच्या माथ्यावर हाच फरक मोजण्यासाठी एके काळी माणसे वस्तीला राहिली होती. १८८१ च्या उन्हाळ्यात क्लेमंट रॅग हा गृहस्थ नोंदी घेण्यासाठी रोज तो पर्वत चढला. पुढे १८८३ साली शिखरावर दगडी वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ पर्यंत तेथील निरीक्षक, बर्फाने दार बुजले तरी, अहोरात्र तासातासाला उष्णमान आणि वायुभार टिपत राहिले. तिच्यासाठी बांधलेली तट्टांची वाट आजही चढणाऱ्यांच्या पायाखाली आहे. त्या वाटेने मी गेलो त्या दिवशी ‘दुपारनंतर निरभ्र’ असा लेखी निर्वाळा मिळालेला होता; परंतु अर्ध्या वाटेवरील तळे मागे पडते न पडते तोच धुके असे दाटले की वेधशाळेचे भग्न अवशेष हाताशी येईपर्यंत दिसले नाहीत.

अशा वेळी उतरणाऱ्यास दोन आकडे पाठ असावे लागतात: प्रथम २३१ अंशांच्या रोखाने दीडशे मीटर, मग २८२ अंशांचा रोख. उजव्या हातास उत्तरेचे कडे आणि डाव्या हातास ‘पाच बोटांची घळ’ म्हणून कुप्रसिद्ध असलेला उतार. दोहोंनी पुष्कळ बळी घेतलेले आहेत. पावले मोजीत, होकायंत्रावरची दृष्टी न हालवता चालणाऱ्या मनुष्याच्या चित्तात भाकिताविषयी राग उरत नाही, कारण रागावण्यास लागणारी फुरसत तेथे नसते. शिवाय पावसाचे भाकीत खोटे ठरून स्वच्छ ऊन पडले, तर आम्ही डोंगरवेडे लोक ती चूक बिनतक्रार पदरात घेतो, हेही सांगितले पाहिजे.

त्या दिवशी मला करड्या धुक्यावाचून काही लाभले नाही. १८९४ च्या सप्टेंबरात त्याच वेधशाळेत दोन आठवडे बदली निरीक्षक म्हणून राहिलेला सी. टी. आर. विल्सन हा तरुण अधिक भाग्यवान ठरला. खाली पसरलेल्या ढगांवर सूर्यप्रकाश पडून छायेभोवती उमटलेली रंगीत वलये त्याने पाहिली, आणि ती प्रयोगशाळेत पुन्हा निर्माण करावीत या ध्यासाने केंब्रिजमध्ये कृत्रिम ढग करता करता, विद्युद्भारित कणांचा मार्ग डोळ्यांना दाखविणारी मेघपेटी त्याच्या हातून सिद्ध झाली. १९२७ साली तिच्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. सरकारी मदत अपुरी पडल्याने वेधशाळेला टाळे लागून तोवर तेवीस वर्षे उलटली होती.