कागदावर नको, हातावर

सेलूच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी नऊला शटर वर केलं की रात्रभर कोंडलेला वास अंगावर येतो: पुठ्ठ्याची खोकी, टिंक्चर, खोकल्याच्या औषधांचा गोडसर अर्क, फिनेल. कापसाच्या हंगामात त्यात बाहेरून सरकीचा ओशट वास मिसळतो. बावीस वर्षं मी या वासात बसतोय. दिवसभर दुसऱ्याच्या दुखण्यात वावरणाऱ्या माणसाला स्वतःजवळ एखादा चांगला वास हवासा वाटतो, आणि तो हवाच, असं माझं मत आहे.

अत्तराची सवय घरातूनच आली. आमचा हा मराठवाड्याचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्य गेलं तरी हैदराबादच्या पुष्कळ रीती घरांमधून टिकल्या. लग्नात पानसुपारीबरोबर अत्तरगुलाब असे. आजोबा सणावाराला कानाच्या घडीत अत्तराचा फाया ठेवत. त्या फायाला ते कधी विकतचा कापूस वापरत नसत. वेचणीतलं एक बोंड घेऊन त्यातली सरकी काढत आणि दोन बोटांत कापूस वळत. मीही तसंच करतो. फाया वळताना कापूस फार दाबू नये, नाहीतर अत्तर आत अडकून बसतं.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी एक दिवस केवडा लावून दुकानात बसलो. हात सैल सोडून लावला होता: दोन्ही मनगटांना, मानेला, शिवाय कानात फाया. ऊन रणरणत होतं. साडेअकराच्या सुमारास एक गरोदर बाई सासूबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. काउंटरशी येताच तिनं पदर नाकाला लावला, मागे सरकली आणि पायरीशी बसून कोरड्या ओकाऱ्या देऊ लागली. सासू म्हणाली, "दादा, तुमच्या दुकानात कशाचा तरी लई वास येतोय. हिला सोसंना." चिठ्ठीवर ओकारीचंच औषध होतं.

तिला पाणी दिलं, औषध बाहेर नेऊन दिलं. मागे जाऊन साबणानं मान-मनगटं घासली, पण केवडा साबणाला दाद देत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी काउंटरपासून दोन पावलं मागे उभा राहून माल दिला. सुगंध लावणाऱ्याचा असतो, पण हवा सगळ्यांची असते, हे मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही याचं वाईट वाटलं. आपल्यापुरता, हातभर अंतरात राहील आणि आमच्या उन्हात बिघडणार नाही असा सुगंध शोधायचा, असं त्या दिवशी ठरवलं.

सुरुवात चुकली. चंदन सौम्य असतं म्हणून एका दुकानातून 'शुद्ध चंदन' असं लिहिलेली तोळ्याची कुपी दोनशे रुपयांना आणली. दोन तासांत वास गेला, मागे नुसतं तेल राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी मानेवर पुरळ उठलं. हिशेब मी आधी करायला हवा होता. खऱ्या चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या वर असतो. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. लाखाचा भाव धरला तरी तोळ्याला अकराशे सहासष्ट रुपये होतात. दोनशे रुपयांत तोळाभर शुद्ध चंदन येऊच शकत नाही. स्वस्त अत्तरांचा पाया बहुतेक वेळा लिक्विड पॅराफिनचा असतो, कधी प्लास्टिक मऊ करायला वापरतात त्या डीओपीचा. पॅराफिन मी स्वतः बाटलीनं विकतो, आणि तरी फसलो.

पुढे कामासाठी हैदराबादला जाणं झालं. चारमिनारजवळ पत्थरगट्टीच्या बाजूला एका लहानशा दुकानात एक म्हातारे चाचा बसले होते. मी सवयीनं कागदाची पट्टी मागितली, तर म्हणाले, "कागज पे नक्को. हाथ पे लगाव, घूम के आव." आपलं 'नको' दखनीत जाऊन 'नक्को' झालंय, त्या एका शब्दानं मला परक्या गावात घरचं वाटलं. त्यांनी तीनच कुप्या उघडल्या. चौथी मागितली तेव्हा हात जोडले: नाक थकलं की सगळंच सारखं लागतं. एका मनगटावर हीना, दुसऱ्यावर मजमुआ, कोपराच्या घडीत खस, असा मी तासभर लाड बाजारातून हिंडून आलो. हीना उन्हात जड होत गेली. मजमुआत खस, केवडा, कदंब आणि माती असं चौघांचं मिश्रण असतं; त्यातला केवडा मला लगेच ओळखू आला, आणि ती बाईही आठवली. खस मात्र तासाभरानं आधीपेक्षा छान झाली होती. ओलसर, मुळांची, थोडी कडवट, माठात वाळ्याची जुडी टाकतात तशी.

खशीचा रंग हिरवट होता. मला भेसळीची शंका आली. चाचांनी समजावलं की हा तांब्याचा रंग आहे. उत्तर प्रदेशात, अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजला तांब्याच्या देगीत मुळं आणि पाणी घालतात, झाकण माती-कापसाच्या लगद्यानं लिंपतात, बांबूच्या चोंग्यातून वाफ पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते. लिंपणात कापूस, पुन्हा फायातही कापूस. आमच्या पिकाचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या भाच्यानं पुण्याहून एक खोकं पाठवलं. "मामा, तुम्ही अत्तराच्या पुढे जातच नाही. आता हे लावून बघा." आत दोन-दोन मिलीच्या सात कुप्या. यांना निश परफ्यूम म्हणतात, म्हणजे मोठ्या फॅशन कंपन्यांनी काढलेली नव्हेत, तर फक्त सुगंधाचंच काम करणाऱ्या छोट्या घराण्यांची. त्यांतल्या काही मुंबईच्या बॉम्बे परफ्यूमरीच्या होत्या: 'चाय मस्क', 'मदुराई टॉकीज', 'कलिकत'. बाकीच्या परदेशी. अल्कोहोलमुळे असा माल विमानानं सहज जात नाही, रस्त्यानं येतो, म्हणून खोकं सेलूला पोचायला आठवडा लागला.

मी स्टॉकची एक जुनी वही घेतली. रोज एकच कुपी, एकच फवारा, डाव्या मनगटावर. उजवा हात कोरा, कारण नाक थकल्यावर आपल्याच कोऱ्या कोपरात हुंगलं की ते पुन्हा जागं होतं. पहिली दहा मिनिटं मत लिहायचं नाही. त्या वेळी अल्कोहोल बोलत असतं आणि लिंबू-संत्र्याची हलकी द्रव्यं उडत असतात. मग नऊ, अकरा, दोन, सहा आणि झोपताना, अशा पाच नोंदी. सातही कुप्या मी जानेवारीत लावल्या आणि राखून ठेवलेल्या मालातून एप्रिलमध्ये पुन्हा लावल्या. त्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की वाटतं, कुप्याच बदलल्या. जानेवारीत दुपारी दोनपर्यंत टिकलेली लिंबाची कुपी एप्रिलमध्ये घर ते दुकान एवढ्या स्कूटरच्या रस्त्यात संपली. उलट ऊद आणि लाकडांच्या जड वासांनी उन्हात दुकान भरून टाकलं. परदेशातलं एखादं वर्णन तिथल्या थंड हवेत खरं असेलही, पण सेलूचा मे महिना त्यांच्या हिशेबात धरलेला नसतो.

'चाय मस्क'मधलं आलं आणि दुधाळपणा थंडीत फार आवडला. 'मदुराई टॉकीज' लावलेल्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, गजरा आणलाय का?" मोगऱ्याला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही. एका परदेशी कुपीपुढे मात्र मी सकाळीच लिहिलं होतं: वास नाही. संध्याकाळी दारात पाऊल ठेवताच बायको म्हणाली, "आज काय ओतून आलात? घरभर पसरलाय." अशा कुप्यांत कस्तुरीच्या जातीची कृत्रिम द्रव्यं असतात. काही माणसांच्या नाकाला त्यांतली काही द्रव्यं कळतच नाहीत. माझं नाक त्यातलं. धोका हा की ज्याला कळत नाही तो आणखी फवारे मारतो. तेव्हापासून नवी कुपी मी एकट्याच्या नाकावर ठरवत नाही. काउंटरच्या पलीकडे दुकानातल्या मुलाला उभा करतो आणि विचारतो, "येतोय का?" 'जवळ आल्यावर येतो' हे उत्तर मला हवं असतं.

वही लिहिताना अडचण आली ती शब्दांची. खोक्यावरच्या चिठ्ठीत इंग्रजी नावांची रांग होती, तिचा मला काही उपयोग नव्हता. मग घरातलेच शब्द काढले. ओशट, तुरट, आंबूस, खमंग, करपट, कुबट, उग्र, मंद. फार झालं की दर्प, अंगणापर्यंत गेला की घमघमाट, जाता जाता लागला की दरवळ. इतके नेमके शब्द आपल्याकडे आहेत आणि आपण सगळ्याला 'छान वास' म्हणून मोकळे होतो, हे मला खटकलं. नंतर पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांच्याबद्दल वाचलं. त्यांनी सुगंधशास्त्राची जुनी हस्तलिखितं उजेडात आणली. त्यांत गंगाधराचा 'गंधसार' होता आणि 'गंधवाद' नावाचा ग्रंथ होता, आणि या 'गंधवादा'वर जुन्या मराठीत टीका आहे. कुणीतरी मराठी माणूस शेकडो वर्षांपूर्वी सुगंधाच्या कृती आपल्या भाषेत समजावून सांगत होता. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तही गंधयुक्तीचा अख्खा अध्याय आहे. 'गंधवादा'च्या त्या मराठी टीकाकाराचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही, पण माझ्या वहीतले शब्द अगदीच एकाकी नव्हते, याचा फार आधार वाटला.

आता मातीच्या अत्तराचं सांगतो, कारण त्यावर मी सर्वांत जास्त दिवस घालवले. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. तिथल्या एका गाड्यावर मला ते मिळालं. कुपी उघडली आणि निराश झालो. मला आमच्या रानाचा वास हवा होता: काळ्या मातीला मेअखेर पडलेल्या भेगा, त्यांवर पहिला पाऊस, आणि वर येणारी ती दाट, थोडी आंबूस वाफ. अत्तरात तसलं काही नव्हतं. होता तो कोऱ्या माठात पहिल्यांदा पाणी ओतल्यावर येतो तो वास.

कारण नंतर कळलं. कनौजला भाजलेल्या मातीच्या चकत्या देगीत घालून त्यांचा अर्क चंदनतेलावर उतरवतात. ती भट्टी लागलेली माती, आमची ओली काळी. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं, तेव्हा उत्तर प्रदेशातल्या याच अत्तराचा त्यांनी उल्लेख केला होता. ओल्या मातीतला तो खास वास जिओस्मिनचा. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात. माती भाजली की हिशेब बदलणारच.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मी मुद्दाम मनगटावर ते अत्तर लावून बांधावर गेलो. एकदा जमिनीकडे वाकायचो, एकदा मनगट नाकाशी न्यायचो. दोन्ही वेगळे होते आणि दोन्ही खरे होते. एक शेताचा, एक कुंभाराच्या आव्याचा. घरी येताना पाय चिखलानं भरले होते आणि मनगटावर अजून माठ होता. तेव्हापासून माझी तक्रार मिटली. कुपीकडून मी भलतंच मागत होतो.

आता माझं ठरलंय. मार्च ते जून खस, मनगटाला एक आणि छातीशी बनियनच्या आत एक थेंब. पावसाळ्यात मातीचं अत्तर, तेही दुकान बंद केल्यावर. थंडीत 'चाय मस्क'चा एक फवारा, किंवा लग्नकार्य असेल तर हीनाचा फाया. केवडा घरी देवाजवळ असतो, दुकानात नाही. तोळाभर खस रोज दोन थेंबांनी मला मार्चपासून जूनच्या अखेरीपर्यंत बरोबर पुरते. संपली की चाचांकडूनच मागवतो.

तुम्ही नवी कुपी घ्यायला निघालात तर दुकानात ठरवू नका. एक थेंब लावा, घरी या, जेवा, उन्हात जाऊन या, आणि रात्री घरातल्या कुणाला तरी विचारा. सेलूला आलात तर माझ्याकडे खशीची कुपी काउंटरखालीच असते. हात कोरा ठेवून या.