बुडालेली जीप आणि बाबांचं कानडी

सुरतेतल्या ऑगस्ट 2006 च्या पुरात आमची जीप बुडाली. उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेक पाणी तापीत सोडलं होतं. आम्ही अडाजणला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि जीप खाली पार्किंगमध्ये. वरून आम्हाला तिचं टपसुद्धा दिसत नव्हतं.

जीप बाबांची. महिंद्राची एमएम 540, 1992 चं मॉडेल, प्युजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन. बेळगावजवळच्या आमच्या शेतातून तिने पंधरा हंगाम ऊस, खत, माणसं सगळं वाहिलं. बाबांचे गुडघे दुखू लागले तेव्हा त्यांनी ती मला दिली. देताना एवढंच म्हणाले, "विकू नकोस." नोकरीच्या गावी आणली तरी नंबर केए 22 च होता. कागद करायचे राहून गेले होते.

पाणी ओसरल्यावर फोन लागू लागले. बाबांनी आधी नातवंडांची चौकशी केली आणि मग विचारलं, "गाडी?" मी म्हटलं, "बरी आहे." भंगारवाला त्याच दिवशी खाली येऊन भाव सांगून गेला होता. बायको चिखल उपसून थकली होती. ती चिक्कोडीकडची, दमली की कानडीवर येते. "साक बिड्री इन्न," म्हणाली. तिचंही चुकीचं नव्हतं. घरात गादी नव्हती आणि मी गाडीचा विचार करत होतो.

15 ऑगस्ट झाल्यावर बाबा न कळवता दारात. पेपरात फोटो बघून गाड्या बदलत आले होते. चहाही न घेता खाली गेले. डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून बोटावर तेल घेतलं. दूध घातलेल्या चहासारखं! माझ्याकडे न बघताच विचारलं,

"पाणी गेल्यावर चालू केलास काय?"

"नाही."

"मग अर्धं काम झालं."

खोटं बोलल्याबद्दल ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, नंतरही कधी नाही. ते मला जास्त लागलं.

डिझेल इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल आणि कुणी स्टार्टर मारला, तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो. म्हणून आम्ही आधी चारही नोझल काढले आणि पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. भोकांतून गढूळ पाणी उडालं. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते, तेही कानडीत! गाडीकाम ते गोकाकच्या एका मिस्त्रीकडे शिकले, त्यामुळे पाना हातात आला की त्यांचं मराठी संपतं. "सडिल माड," "बिगी माड." मदतीला आलेला शेजारचा गुजराती मुलगा दोन दिवसांत 'बिगी'वर पाना घट्ट फिरवू लागला.

मग इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल बदललं. चारही हब उघडून बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन नवं ग्रीस भरलं. टाकी उतरवली, तळाशी तापीचा गाळ होता. स्टार्टर आणि डायनॅमो खोलून उन्हात ठेवले. नेमकं तेव्हाच ऊन नव्हतं, म्हणून घरातल्या एकुलत्या टेबलफॅनसमोर ठेवले. बायको बघत राहिली, पण फॅन मागितला नाही.

वायरिंग गेलंच होतं, तेव्हा नवं करताना मी हेडलाइटला रिले बसवला. पूर्वी दिव्यांचा सगळा करंट स्विचमधून फिरून यायचा, म्हणून उजेड पिवळा पडायचा. रिलेमुळे तो बॅटरीतून सरळ येतो. हे बाबांना पटलं. सीटबेल्ट बघून मात्र "हे दावं कुणाला?" म्हणाले. मेहुण्याने दुसरं मोठं इंजिन टाकायला सुचवलं होतं. त्याला आरटीओची परवानगी लागते, आणि बाबांची तर मिळणारच नव्हती.

अकराव्या दिवशी हीटर तापवून मी चावी फिरवली. दोनदा नुसतं घरघरलं. तिसऱ्यांदा पांढरा धूर सुटला आणि सगळं पार्किंग थरथरलं. बाबा खुर्चीवरून उठले. "बंतु नोड!" वरून, गॅलरीतून बायकोचाही आवाज आला, "बंतेन्री?"

संध्याकाळी बाबांनी आईला फोन लावला. "गाडी बरी आहे," म्हणाले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.